सुताची जागा

तारा जिच्यावर टेकतात त्या तंबोऱ्याच्या घोडीकडे जवळून पाहिले की प्रत्येक तारेखाली एक बारीक सूत दिसते. शिवणाच्या डब्यातले, साधे, कापसाचे. हे सूत केसभर एका बाजूला सरकवले की तार मुकी होते, दुसऱ्या बाजूला सरकवले की कोरडी, कर्कश वाजते. या दोन टोकांच्या मधे एक जागा असते. तिथे सूत पोचले की तीच तार, तेच लाकूड आणि तोच भोपळा एकदम बोलू लागतात. छेडलेला स्वर मरत नाही, उलगडत जातो. आधी मूळ षड्ज, मग त्याच्या वरचा पंचम, मग आणखी वर कुठेतरी गांधार. या स्वरांना गायक स्वयंभू म्हणतात, कारण ते कुणी लावलेले नसतात. ते ऐकू येण्याची सोय मात्र कुणीतरी करावी लागते, आणि ती करणारा हात या लेखाचा विषय आहे.

माझ्यासमोर आहे तो तंबोरा साधा आहे. विद्यार्थ्यांसाठी करतात तसला: दांडीवर नक्षी नाही, भोपळ्यावर कोरीव पाने नाहीत, पॉलिशही एकाच हाताचे. मिरजेत तयार झाला आणि झाशीत येऊन राहिला. हा प्रवास अजूनही एका गाडीत होतो. वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ असे करत झाशीला येते. त्या स्थानकाचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे. वाद्य कापडात, मग गादीत, मग खोक्यात गुंडाळून बर्थवर माणसासारखे झोपवून आणायचे, हा इकडच्या मराठी घरांचा रिवाज. नेवाळकर राजांच्या काळापासून झाशीत मराठी घरे आहेत. १८४२ साली मणिकर्णिका तांबे राजे गंगाधररावांची लक्ष्मीबाई झाली तो विवाह इथल्या गणेश मंदिरात लागला असे सांगतात, आणि त्या देवळाभोवतीचा मराठी गणेशोत्सव आजही गाण्याशिवाय होत नाही. गंगाधररावांचे नाटकवेड वरसईच्या गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये नोंदवून ठेवले आहे. सुरांची ओढ या गावाला जुनीच.

गाणे आणि वाद्य यांच्या वाटा इथे एकमेकींना छेदतात. झाशीहून शंभरेक किलोमीटरवर ग्वाल्हेर. तिथे हद्दू-हस्सू खाँ यांच्या परंपरेतले वासुदेवबुवा जोशी शिकवत होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) दक्षिणेतून हाल सोसत उत्तरेत आले, त्यांच्यापाशी शिकले आणि ख्याल मराठी मुलखात घेऊन गेले. मिरजेत बाळकृष्णबुवांपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तेच गाणे पुन्हा उत्तरेत नेले. म्हणजे गायकी इकडून तिकडे गेली आणि जिच्यावर ती उभी राहते ती तार तिकडून इकडे येते. मिरजेचे कारागीर शिकलगार, पिढीजात हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांची मागणी ओसरत गेली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि त्यांचे वंशज सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. पोलाद, हाड, कानस यांची सवय हातात होतीच. घोडीचा पृष्ठभाग घासताना बोटांना जी नजर लागते ती तलवारीच्या पात्यावर आधी तयार झाली असणार, असे मला नेहमी वाटते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. उशिरा मिळाले, पण मिळाले.

साधा तंबोरा आणि महागडा तंबोरा यांत फरक कशाचा? भोपळ्याच्या घेराचा, लाकूड किती वर्षे वाळवले त्याचा, आणि बराचसा सजावटीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातला मोठा, जाड सालीचा, नीट वाळलेला भोपळा मिळाला तर आवाजाला पोट येते, हे खरे. तुणाच्या जुन्या लाकडाची तबली, म्हणजे भोपळ्यावरचे झाकण, मोकळी बोलते, हेही खरे. पण जवारी, म्हणजे घोडीवर तार बोलती करणारी ती नेमकी घासणी, मात्र पैशाने येत नाही. नक्षीच्या थोर तंबोऱ्याची घोडी झिजलेली असेल तर तो बिनकामाचा, आणि साध्या तंबोऱ्याची घोडी कुणी मन लावून घासली असेल तर त्याच्याशेजारी बसून गाणाऱ्याला आपला आवाज चांगला झाल्यासारखा वाटतो. म्हणून विद्यार्थ्याने तंबोरा विकत घेताना नक्षीसाठी राखलेले पैसे जवारीच्या कारागिराला द्यावेत, असे मी प्रत्येकाला सांगतो.

या कामाचे वेगळेपण कळायला गिटारचा दाखला उपयोगी पडतो. तिच्या कुळात एक चार तारांची टेनर गिटार आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या वाद्यवृंदांतून बँजो मागे पडू लागला, तेव्हा बँजोवाल्यांना बोटांची सवय न बदलता गिटार वाजवता यावी म्हणून ती पुढे आली. मार्टिनने ती १९२७च्या सुमारास बाजारात आणली. तिच्या तारा पंचमा-पंचमाच्या अंतराने लावतात, आपल्या भाषेत सा, प, रे, ध. स्वस्तातली टेनर गिटार आणली की पहिले काम तिची बैठक सुधारण्याचे. मानेचा बाक पाहायचा, वरच्या टोकाची पट्टी घासायची, बाराव्या पडद्यावर तार साधारण दोन मिलिमीटर उंच ठेवायची. हे सगळे एकाच हेतूने: तार कुठेही पडद्याला घासू नये. झणझण आली की गिटार बिघडली. तंबोऱ्यात नेमके हेच उलटे आहे. इथे तार घोडीला घासलीच पाहिजे, पण एका ठिकाणी नाही, अखंड, प्रत्येक कंपात थोडी-थोडी. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार असतो त्याला. थरथरणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तिची लांबी क्षणोक्षणी किंचित बदलते आणि त्यातून वरचे स्वर पुन्हापुन्हा जागे होतात. तिकडे जो दोष म्हणून घालवतात तोच इकडे वाद्याचा प्राण आहे, आणि त्याला हव्या त्या मापात आणणे हीच तंबोऱ्याची बैठक.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला तो याच घोडीमुळे. युरोपातला जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर स्तब्ध राहणारे वरचे स्वर तिच्यातून उमटणार नाहीत. रामन यांना वीणेत आणि तंबोऱ्यात ते उमटताना ऐकू आले. तारेच्या मध्यावर छेडले तर ज्यांनी गप्प बसायचे तेही बोलतात. कारण त्यांना घोडी बोलावते, छेडणारे बोट नव्हे. प्रकाशावर काम करून पुढे नोबेल मिळवणारा माणूस वाद्याच्या घोडीपाशी थबकला आणि तिथे पाठ्यपुस्तकातला नियम अपुरा पडतो असे त्याने मांडले, याचा मला फार आनंद वाटतो.

आता तारा बदलण्याकडे येऊ. जुन्या तारा काळवंडतात, गंजतात, घोडीवर टेकतात तिथे चपट्या होतात. स्वर लावता येतो पण टिकत नाही, आणि जवारी कितीही सूत हलवा, सापडत नाही. चारही तारा एकदम काढायच्या नाहीत. तंबोऱ्याची घोडी तबलीला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. सगळा दाब गेला की ती घसरते, आणि परत नेमकी त्याच जागी बसवणे कठीण. म्हणून पेन्सिलीने तिच्या पायांभोवती बारीक खूण करायची आणि एकेक तार बदलत जायचे.

जनानी तंबोऱ्यात पहिल्या तीन तारा पोलादी, चौथी पितळेची. मर्दानी तंबोऱ्यात पंचमाची तारही पुष्कळदा ब्राँझची किंवा पितळेची घालतात, कारण तिथे स्वर खाली असतो आणि पोलादाला ते ढिलेपण मानवत नाही. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारा जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीच्या. पट्टी सांगून तारा घ्याव्यात: काळी एकला गाणाऱ्याच्या आणि काळी चारला गाणारीच्या तारा एक नसतात. भलत्या जाडीची तार घातली तर ती एकतर तुटते किंवा लोंबते, आणि मग तंबोऱ्याला दोष दिला जातो.

नव्या तारेच्या टोकाला फास करून तो भोपळ्याच्या बुडाशी असलेल्या लंगोटात अडकवायचा. मग तारेत स्वर बारीक जुळवण्याचा मणी ओवायचा. इथे विसरलात तर सगळी तार परत सोडावी लागते. मग घोडीवरून, दांडीच्या वरच्या टोकाला अटीवरून, तारदानाच्या भोकातून खुंटीपर्यंत. खुंटीच्या छिद्रातून टोक घालून पाच-सहा वेढे एकमेकांवर न चढता बसले पाहिजेत. खुंटी फिरवताना तिला आत दाबतही राहायचे. ती निसटत असेल तर तिच्या बुंध्याला खडू चोळायचा. स्वर एकदम वर नेऊ नये. तार आधी थोडी खालीच ठेवावी, अधूनमधून बोटाने हलकी ओढावी, मग वर आणावी. ती दिवसभर उतरत राहील, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी स्थिर. मण्याचे काम सर्वांत शेवटी. लंगोटाकडे सरकवला की तार ताणली जाऊन स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खुंटीने गाव गाठायचे, मण्याने घर.

झाशीत याला हवामानाची जोड लागते. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि हवा ठणठणीत कोरडी. लाकूड आकसते, खुंट्या सैल होतात, सकाळी लावलेला तंबोरा दुपारी भलतेच बोलतो. त्यात खोलीत कूलर लावला तर ओलावा एकाच बाजूने येतो. कूलरच्या झोतातून उचलून वाद्य कोरड्या खोलीत नेले की पुन्हा सगळे हलते. मी म्हणेन, तारा बदलायला इथे दिवाळीनंतरचा काळ घ्यावा. हवा थांबलेली असते, लाकूडही. पावसाळ्यात मात्र जवारीला हात लावू नये: ओल्या हवेत जमवलेली जागा कोरड्या हवेत राहत नाही.

तारा चढल्या, स्वर लागले, आता ऐकायचे. मी तंबोऱ्याच्या एका आवर्तनाकडे एखाद्या ओळीकडे पाहावे तसे पाहतो. चार शब्दांची ओळ, तीच परत परत, आणि तरीही दर वेळी नवी.

पहिला आघात पंचमाचा, मधल्या बोटाने. मंद्र पंचम. ओळ षड्जापासून सुरू होत नाही, हे मला तंबोऱ्याचे मोठेपण वाटते. जिथे पोचायचे आहे ते सांगण्याआधी ती एक ओढ निर्माण करते. या पंचमाच्या पोटात काय आहे पाहा: त्याचा तिसरा स्वयंभू स्वर म्हणजे वरचा रिषभ, पाचवा म्हणजे निषाद. म्हणजे पहिल्या आघातातच षड्जाच्या दोन्ही बाजूंचे शेजारी येऊन उभे राहतात, आणि षड्ज अजून वाजलेलाच नाही.

मग तर्जनीने जोडाच्या दोन तारा. दोन्ही मध्य षड्ज, एकच स्वर. हे दोन आघात वरवर पाहता पुनरुक्ती. पण दोन तारा कधीच शंभर टक्के एक नसतात. अगदी जवळ आणल्या की त्यांच्यात एक संथ लाट उठते, आणखी जवळ आणल्या की ती लाट लांबत लांबत जाते आणि शेवटी विरून जाते. तंबोरा लावणारा या लाटेवरच कान ठेवतो. ती थांबली की जोड लागला. ओळीतला हा मधला भाग तिच्या सचोटीचा आहे: इथे एखादा शब्द खोटा पडला तर पुढचे काहीच पटत नाही.

चौथा आघात खर्जाचा. मंद्र षड्ज, पितळेची जाड तार. तिचा दुसरा अंश, म्हणजे स्वयंभू स्वर, जोडाशी जुळतो, तिसरा मध्य पंचम होतो, आणि पाचवा तार सप्तकातला गांधार. हा गांधार हार्मोनियमच्या गांधारापेक्षा किंचित खाली असतो, सुमारे चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशा फरकाने स्वर गोड की रुक्ष ते ठरते. खर्ज छेडला, इतर तारा अजून घुमताहेत, आणि वर कुठेतरी गांधार उमलतो. तो ऐकू आला की जवारी लागली, ही जुनी कसोटी. तो येईपर्यंत सूत हलवायचे. मग क्षणभर थांबायचे, खर्ज विरत असतानाच पुन्हा पंचम. त्या विरण्यामुळे ओळीला शेवट नसतो.

आता सुताकडे परत. तार घोडीच्या उतारावर कुठून टेकायला सुरुवात करते हे सूत ठरवते. जाड सूत घातले तर तार फार वर उचलली जाते आणि घासतच नाही, फार बारीक घातले तर ती पुरती लोळते. घोडीच उत्तम घासलेली असेल तर सुताची जागा सापडायला फार वेळ लागत नाही. झिजून तारेखाली खाच पडली असेल तर कितीही शोधा, ती तार बंदच राहते. तेव्हा कारागिराकडेच जायला हवे. तो तार बाजूला करून माथ्यावर कानस, मग बारीक कागद फिरवतो, तार परत ठेवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. घोडीचे हाड किती काढायचे हे त्याला मोजपट्टी सांगत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, जे मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेल्यावर तिथेच ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात ज्यांना विसावा मिळाला, ते या कामात स्वतः वाकबगार होते. वाद्ये दुरुस्त करीत, जवारी काढीत. त्यांच्या गाण्यातला तो अतिशय बारीक, सुईसारखा लागणारा स्वर ऐकला की हा माणूस घोडीशी तासन्‌तास बसत असणार याची खात्री पटते. एका कामाने दुसरे काम घडवले.

हल्ली बहुतेक घरांत तंबोऱ्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र किंवा फोनवरचे अॅप असते. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी हे यंत्र बनवायला सुरुवात केली तेव्हा प्रवासी कलावंतांची मोठी अडचण दूर झाली. मी त्याला नावे ठेवत नाही. झाशीसारख्या गावात जिथे जवारी काढणारा सहज भेटत नाही, तिथे ते आधार आहे. पण ते वापरणाऱ्या विद्यार्थ्याला लाट ऐकायची सवय लागत नाही, कारण यंत्रातला जोड आधीच लागलेला असतो. स्वर लावण्याची क्रिया ही गाण्याची पहिली तालीम आहे, तीच वगळली जाते. म्हणून साधा का होईना, खरा तंबोरा घरात असावा आणि त्याच्या तारा घरच्याच कुणीतरी बदलाव्यात असे मला मनापासून वाटते.

एकदा चार तारांची ही ओळ वाचता येऊ लागली की पहिला शब्द बदलून पाहण्याची गंमत कळते. राग पुरिया किंवा मारवा असेल, पंचम वर्ज्य असेल, तर पहिली तार निषादावर लावतात. त्या मंद्र निषादाचा तिसरा अंश तीव्र मध्यमावर येतो. पुरियाला आणि मारव्याला तोच मध्यम हवा असतो. तार बदलली नाही, सूत हलवले नाही, फक्त मणी आणि खुंटी, आणि रागाचे अर्धे अंग उभे राहिले. रागेश्रीत पहिली तार मध्यमावर. इथे तर अजून सुंदर घडते. मंद्र मध्यमाचा तिसरा अंश म्हणजे तार षड्ज, पाचवा म्हणजे शुद्ध धैवत. खर्जातून शुद्ध गांधार आधीच येतो आहे. म्हणजे गायकाने तोंड उघडण्याआधी रागेश्रीचे षड्ज, गांधार, मध्यम, धैवत सगळे तंबोऱ्यात वाजताहेत. आरोहात उरतो कोमल निषाद. खर्जाच्या सातव्या अंशात त्याच्या जवळचा एक उतरलेला निषाद असतो, पण तो रागेश्रीचा नव्हे, फार खाली आहे तो. रागेश्रीचा निषाद मध्यमाच्या मध्यमावर असतो, आणि तो तेवढा गळ्यानेच लावावा लागतो.